मेहकरात दोन खेप मेलो

सुलतानपूर,
अखाजीच्या तिसऱ्या दिवशी

चि. शालिग्राम यास,

हिंमतदादाचा पोटभर आशीर्वाद. पुण्याच्या पाण्यानं तुह्या अंगावर मांस चढलं असंल असं समजतो. आत्याबाईचे गुडघे कसे हायत ते कळवजो. इकडे सारे ठीक. मी मात्र मेहकरात दोन खेप मेलो, तवापासून तब्येत एकदम झकास हाय.

आता सांगतो. (लांब हाय, नीट टेकून बस.) तू लिहेलं नाटक आपण गावोगाव केलं, त्यात मी म्हातारा पाटील. तिसऱ्या अंकात मी अर्धा घंटा मरत असे, अन् लोकायनं वन्समोर देल्ला की उठून, धोतर झटकून, पुन्हा पह्यल्यापासून मरत असे. त्याच नाटकाचा पुण्याच्या कंपनीनं तुले बलावून शिनेमा केला, याचा आमाले भल्ला अभिमान. पण माह्या लेकीचे, गीताचे सासरे, मेहकरचे भगवंतराव, त्यायले नाटकाचा तिटकारा. ज्या घरचा बाप तोंडाले रंग फासून मरत हिंडते, तिथं अखाजीच्या सणाले सून माहेरी काऊन धाडू, असं ते म्हणत. दोन अखाज्या आपल्या लिंबाले गीतासाठी बांधेल झोका रिकामा लटकला रे! गीताची माय सत्यभामा त्याच्याकडे पाहे अन् डोळे पुसे. शेवटी मी चिडलो. म्हणलं, इवाईबुवा, माहं मरण आता शिनेम्यात गेलं, पुण्याचा मोठा नट ते करते. टुरिंग टॉकीज तुमच्याच गावात येऊन राह्यली, पाहा अन् मंग बोला. ते म्हणाले, त्या मरणानं माह्या डोळ्यात पाणी आलं तर पोरगी धाडतो, नाही तर विषय बंद.

मंग काय! गाड्या जुंपून सारं सुलतानपूर मेहकरले. भगवंतराव पुढं खुर्चीवर, गीता बायांच्या बाजूले सासूच्या मागं, अन् मी छाती फुगवून.

शालिग्राम, खरं सांग, तो शिनेमा आपल्याच नाटकाचा हाय ना बे? आपल्या नाटकात गुलाबरावानं गेरूनं पडद्यावर विहीर रंगवेल होती. तिथं खरी विहीर हाय, पण नायिका तिच्याभोवती गाणं म्हणत धावून राह्यली, पाणी कोणीच काढत नाही! आपल्यात पाटलाची सून गुलाबरावच मिशा उतरवून होये. तिथं खरोखरची बाई पाहून तो इतका खचला की हातातला चिवडा खाली ठेवला. (दिसते चांगली, मले म्हणाला, पण पदर घेता येत नाही तिले.) हेही चाललं असतं. पण माहा पाटील? शिनेमा सुरू व्हायच्या आधीच मेलेला! भिंतीवर हार घालेल फोटो, बस. अर्ध्या घंट्याच्या मरणाच्या जागी एक खिळा! भगवंतराव मागं वळले अन् उपरण्यानं कोरडे डोळे पुसून मले दाखवले. बाप्पा, तवाच मेलो असतो तर बरं झालं असतं.

तेवढ्यात रीळ बदलायले मशीन थांबलं. आपले लोक ओरडले, म्हाताऱ्याचं मरण दाखवा! मॅनेजर हात जोडून म्हणे, जे रिळात नाही ते मी कुठून दाखवू? आमी संगं आणलं हाय, असं म्हणून गुलाबरावानं मले पुढं ढकललं. पडद्यापुढं बाकडं टाकलं, गॅसबत्ती आणली, अन् मी मरायले लागलो. पोरांले आशीर्वाद देल्ला, बैलांची नावं घेतली, पाणी मागतलं. मंग ते वाक्य आलं, "माह्या लेकीले आणा रे कोणी." इतक्या गावांत म्हणलो ते, पण या खेपेले नजर गीतावर गेली. तिनं पदर तोंडात कोंबेल होता. पुढचं सारं विसरलो. तेच वाक्य पुन्हा म्हणलो, अजून एकदा म्हणलो. तुले खरं सांगतो, मी नाटक करतच नव्हतो. अन् भगवंतराव खुर्चीवरून उठून रडत ओरडले, "धाडतो हो हिंमतराव, धाडतो! मरू नका!"

असं वाक्य तुह्या नाटकात नाही, पण मी त्याच्यावरच जीव सोडला. काय टाळ्या पडल्या! अन् पह्यला वन्समोर कोणाचा? भगवंतरावांचा! दुसऱ्या खेपेले मी हसत हसतच मेलो, कोणी काही म्हणलं नाही. गीता अखाजीच्या आदल्या दिवशी आली. हे लिहून राह्यलो तर झोका करकरून राह्यला, अन् सत्यभामा उगीचच दर घडीले अंगणात जाते.

तुहा,
हिंमतदादा

ता. क. तुह्यावर राग अजिबात नाही. टॉकीजवाला आता मले संगं नेतो म्हणते, गावोगाव मशीन थांबवून मी मरायचं. म्हणून कळकळीची विनंती, पुढच्या शिनेम्यातही मले असाच गाळजो. फक्त हारातला फोटो माहा लावजो, संगं पाठवून राह्यलो. (सत्यभामेले सांगू नको.)

दुसरा ता. क. भगवंतराव गीताले पोचवायले आले ते अजून इथंच हायत. कालपासून ओसरीवर आडवे पडून, डोळे फिरवून पाणी मागून राह्यले. सत्यभामेनं दोनदा घाबरून खरंच दिलं. मनातलं तोंडानं बोलत नाहीत, पण मले समजते रे. तवा माह्या खिळ्याच्या बाजूले त्यायच्यासाठीही एक खिळा ठोकजो.