बसमध्ये खेळायचा कम्प्युटर

शुक्रवार, संध्याकाळ

हातात धरून गेम खेळायचा तो छोटा कम्प्युटर घ्यावा की नाही, कधीपासून ठरतच नाहीये. आज कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या इम्रानभाऊंनी स्वतःचाच दिला. म्हणाले, "आधी वापरून बघा मॅडम, मग ठरवा." चाकणपासून खेळत आले. चित्र सुरेख दिसतं, पण वजन फार. मोशी येईपर्यंत मनगट भरून आलं. घरचा कम्प्युटर आमच्या ह्यांच्या कामाला लागतो, म्हणजे मला खेळायला मिळणार ते बसमध्येच. मग मनगटाचं काय? होईल सवय बहुतेक.

डांगे चौकात उतरताना शेजारची सुनीता म्हणाली, "सोमवारपासून माझी सेकंड शिफ्ट. मघाशीच सांगणार होते, पण तू खेळत होतीस."

किती वर्षं आम्ही दोघी एकाच सीटवर बसतोय! आणि मी फक्त "हो का गं?" एवढंच बोलले.

आता बसमध्ये बोलायला कोणी नसणार, म्हणजे कम्प्युटर घ्यायला उलट कारणच मिळालं. घेईनही. पण उद्याचा शनिवार अजून आहे, सुनीता शेजारी असेल. इम्रानभाऊंना मेसेज केला, उद्या आणू नका.