जावयाच्या वाणातली कुऱ्हाड

मु. पो. बीबी
अधिक महिना, शनिवार, ऊन विचारू नका

आदरणीय शेषरावभाऊ यांस,

बीबीहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे गुलाबरावचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मलकापूरचं ऊन आमच्यापेक्षा जास्तच असते म्हणतात, तरी कूलरसमोर बसून पन्हं घेत जा अन् गुडघ्याले वारं लागू देऊ नका. (वहिनी म्हणतील, दोन्ही एकदम कसं जमायचं? मलेही माहीत नाही.) इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन वाजला की तुमची बहीण स्पीकर लावते, अन् ही गोष्ट तिच्याच विरुद्धची आहे, म्हणून पत्र.

तर झालं असं, की धोंड्याचा महिना लागला. पूनमच्या लग्नानंतरचा हा पहिलाच, म्हणजे जावयाले बोलावणं, अनारशाचं ताट अन् वाण आलंच. मी सरळ फोन लावून विचारलं, राजकुमारराव, अंगठी करू की चांदीचं निरांजन? आता जावयानं आधी नाही-नाही म्हणायचं अन् मग बायकोच्या तोंडून हळूच निरोप द्यायचा, ही रीत. पण हे पुण्याचं कॉम्प्युटरवालं प्रकरण. म्हणाले, "आबा, एक लहान कुऱ्हाड द्या." मी म्हटलं, सोन्याची की चांदीची? (आजकाल वाणात काय निघंल सांगता येत नाही.) तर म्हणे लोखंडाची, जंगलात न्यायले.

भाऊ, मी लय विचार केला. त्यांच्या घरी गॅस आहे, तो संपला तर दुसरा आहे, वरून विजेची शेगडी आहे. तरी सुट्टीच्या दिवशी पाठीवर पोत्याएवढी पिशवी बांधून मुद्दाम रानात जायचं, काटक्या फोडायच्या, तीन दगडांची चूल मांडायची, धुरानं डोळे लाल करून बिनदुधाचा चहा प्यायचा अन् उघड्यावर झोपायचं. आपल्याकडे याले हलाखी म्हणतात. तिकडे छंद म्हणतात अन् त्याचे व्हिडिओ निघतात. तेही एक वेळ समजून घेतलं. पण नवरा रानात गेला की आमची पोरगी त्या चौथ्या मजल्यावर एकटी काय करते? तुमच्या बहिणीनं हा प्रश्न काढला अन् त्या दिवसापासून आम्हा दोघांच्याही घशाखाली घास नीट उतरून नाही राह्यला. नवं लग्न अन् नवरा रानात पळते, याचा अर्थ काय लावायचा? भांडण झालं, का वैराग्य आलं? पूनमले विचारलं तर म्हणते, सगळं मस्त आहे आबा, फक्त कुऱ्हाड हलकी पहा. आता मले सांगा, जिचा नवरा रानात चालला ती बाई कुऱ्हाडीच्या वजनाची चौकशी काऊन करीन?

बरं, जावयाच्या अटी ऐका. पिशवीत मावली पाहिजे, पण मनगटाएवढं लाकूड फुटलं पाहिजे. हलकी पाहिजे, पण घाव जड पाहिजे. दांडा लहान, पण पकड हात भरून. धार वस्तऱ्यासारखी, पण पिशवी फाटू नये म्हणून पात्याले चामड्याची टोपी. ही कुऱ्हाड आहे का सरकारी योजना, तेच समजेना.

गोकुळ लोहाराकडे गेलो. त्यानं विचारलं, कोणतं झाड पाडायचं? मी म्हटलं, कोणतंच नाही. मग फोडायचं काय? काटक्या. मग हातानं मोडा ना, म्हणे! बाप्पा, वाण का हातानं मोडून देता येते? मग त्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची एक ठोकून दिली, ती एवढी जड की जावई ती घेऊन जंगलापर्यंत पोचलेच नसते. तसं सांगितलं तर दुसरी एवढी हलकी केली की शेजारची सत्यभामाबाई सुपारी फोडायले मागून घेऊन गेली, अजून आणून नाही दिली. तिसरी मेहकरच्या दुकानातून आणली. चमक अशी की तोंड पाहून घ्या, अन् पहिल्याच बाभळीच्या फांदीवर धार वळली. दुकानदार म्हणे, काका, ही शोभेची आहे. शोभेची कुऱ्हाड कोण भिंतीले लावते, हे विचारायचं राहून गेलं.

त्यात एक वेगळंच घडलं. मेहकरहूनच चौथी आणल्यावर, सत्यभामाबाईकडची सोडून उरलेल्या तिन्ही मी वावरात घेऊन गेलो अन् कोणती हाताले बसते ते पाहायले एकेक हवेत फिरवून राह्यलो होतो. धुऱ्यापलीकडे देवानंद उभा. (तोच तो, दरसाल वखरताना बांध कोरून धुरा आमच्या वावरात सरकवते तो.) मी आपल्या चांगल्या मनानं विचारलं, "देवानंद, तुले काय वाटते बे, यातली कोणती बरी पडंल?" त्यानं कुऱ्हाडींकडे पाहिलं अन् पाठमोरा होऊन घर गाठलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर धुरा जुन्या जागी! वर त्याच्या घरून टोपलंभर पपया आल्या. मी इतकी वर्षं तहसीलच्या चकरा मारल्या तेव्हा हललं नाही, अन् आता याले एकदम काय झालं, काही समजत नाही. तब्येत बरी नसंल बिचाऱ्याची.

घरात तर रोजचा तमाशा. तुमची बहीण रुख्मिणी म्हणते, धारेची वस्तू कोणाच्या हातात देऊ नये, नातं तुटते. खाली ठेवावी, दुसऱ्यानं उचलावी. मग काय जावयाचं वाण जमिनीवर टाकू? वरून म्हणते, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मी म्हटलं, मग नुसतं पातं देतो, दांडा ते तिकडे बसवतील. तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. चूक तिची नाही, भाऊ. आईचं काळीज आहे. कुऱ्हाड दिली तर जावई रानात अन् पोरगी एकटी, नाही दिली तर जावई रुसणार अन् पूनमची मान खाली. दोहोंकडून आपल्याच पायावर कुऱ्हाड. काय करू, ते खरंच कळून नाही राह्यलं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
डोकं चालेनासं झालेला गुलाबराव

ता. क. : पत्र मलकापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देतो, उद्याच मिळंल. तुम्ही सोमवारी जेवायले यावं अन् कुऱ्हाड तुमच्या हातानं, पूनमचा मामा म्हणून द्यावी. मी अंगठी देतो. धारेच्या वस्तूनं नातं तुटतच असंल तर तुमचं अन् जावयाचं तुटलेलं आम्हाले परवडते. राग मानू नका.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायले डिंक शोधत होतो, तेवढ्यात दोघं एक दिवस आधीच येऊन धडकले. पूनम पाय धुऊन सरळ कुऱ्हाडींपाशी. जावई लांब, खांबाआड. तिनं सगळ्या तोलल्या, नाक मुरडलं, मग सत्यभामाबाईकडची हलकी परत आणवली. ती मुठीत घेतली, अंगणात बाभळीचं लाकूड उभं केलं अन् एका घावात दोन फाका! मी जावयाले म्हटलं, तुम्हीही एक मारून पहा. तर म्हणे, "नको हो आबा, मला भीती वाटते. मी फक्त तिला बसपर्यंत सोडायला जातो." भाऊ, जंगलात जाते ते आमची पूनम! बायांचा गट आहे म्हणे, वनखात्याची परवानगी काढून जातात, पडलेलंच लाकूड घेतात. जावई घरी राहून तिले शिदोरी बांधून देते अन् ती परत येईपर्यंत फोन हातचा सोडत नाही. रुख्मिणीनं विचारलं, बाई, तुले भेव नाही वाटत? पूनम म्हणते, "जंगलाचं नाही वाटत आई. तुम्हाले सांगायचं वाटत होतं." मी उठून पाणी पिऊन आलो. तुमची बहीण धार-बीर सगळं विसरली अन् तिनं कुंकू लावून स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लेकीच्या हातात दिली. (लेकीले देऊ नये असं कुठंच सांगितलेलं नाही, म्हणे.) तेव्हा तुम्ही आता अनारसे खायलेच या.

तिसरा ता. क. : खरं काम हे. पूनमच्या सासूबाई सुभद्राबाई शेगावच्या दर्शनाले निघाल्या की मलकापुरात तुमच्याकडे चहाले थांबतात. त्यांनाही हेच माहीत आहे की रानात मुलगा जाते, अन् त्या त्याले जाम बोलतात. तुम्ही तोंड उघडू नका. पोरीले जाता यावं म्हणून दोन्ही घरचं बोलणं अन् हसणं या माणसानं गपगुमान आपल्या अंगावर घेतलं, भाऊ. लग्नाच्या मांडवात मी सगळ्यांले छातीठोक सांगत फिरलो होतो, की पोरगं पारखून आणलं. आज मलेही पटलं.