वरतून नेतं

२ नोव्हेंबर
आलो एकदाचे जसोंडीला! घर गावाच्या टोकाला आहे, मागे नजर जाईल तिथवर केळी. माझ्या नवऱ्याला, दीपकला, इथल्या केळीच्या गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली. अंगण पाहिल्याबरोबर मी म्हटलं, कोंबड्या पाळू. भुसावळच्या दोन खोल्यांत कुठलं जमणार होतं? दीपक हसून म्हणाला, आधी सामान तर उतरव. शेजारच्या धुरपदाबाई चहा घेऊन आल्या. म्हातारी एकटीच राहते. बोलते कमी.

९ नोव्हेंबर
बहादरपूरहून गावरान कोंबड्या आणल्या, सोबत एक तांबडा कोंबडा. दीपकने खुराड्याला बारीक जाळी ठोकली. मुंगसाने उकरून आत शिरू नये म्हणून खाली विटा पुरल्या. घारीसाठी अंगणावर मासे धरायचं नायलॉनचं जाळं ताणलं आणि त्याला गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगल्या. वाऱ्यावर लखलखतात.

कोंबडा भारी हुशार. मांजर दिसलं की कट्-कट् करतो, सगळ्या जणी पळत सुटतात. वर शिकरा दिसला की एकच बारीक, लांब शीळ घालतो. मग कोणी पळत नाही. जागच्या जागी दबकतात, मान जमिनीला लावून.

धुरपदाबाई जाळ्याकडे बघत म्हणाल्या, आमच्या गावात कोणी कोंबड्या ठेवत नाही. का, विचारलं तर उठून गेल्या.

१७ नोव्हेंबर
दुपारी कपडे वाळत घालत होते. कोंबड्याची शीळ आली. वर पाहिलं, आभाळ रिकामं. पण खाली सावली होती. पंखांची. अख्खं अंगण झाकलेलं. ती सरकली आणि काळी कोंबडी नव्हती. जाळं जसंच्या तसं. ना पीस, ना रक्त. बाकीच्या लगेच उठून दाणे टिपायला लागल्या.

दीपक म्हणाला, मुंगूसच असणार. संध्याकाळी त्याने सगळी जाळी हाताने चाचपून पाहिली.

काळी माझी लाडकी होती. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२६ नोव्हेंबर
कोंबडाही गेला. आता शीळ नाही. कोंबड्या आपापल्याच दबकतात.

धुरपदाबाईंना जाऊन विचारलंच. भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वरतून नेतं, बेटा. पहिले कोंबड्या दिसतात त्याले, मग माणसं. माझा आदमी इथंच गेला, ओट्यासमोर. मी भाकरी थापत होती, थापतच राहिली. रडू येत नाही. तेवढं बरं आहे."

घरी येऊन दीपकला सांगितलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, विकून टाकू सगळ्या.

४ डिसेंबर
दीपक टोपली घेऊन अंगणात उतरला. कोंबड्या दबकल्या. ओट्यावर मीही खाली बसले. का, ते कळलं नाही. सावली आली. सरकली.

टोपली होती.

मी आत जाऊन वरणाला फोडणी दिली.

७ डिसेंबर
गोदामातली माणसं केळीत शोधून गेली. पोलीसही येऊन गेले. मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

आईचा फोन. हुंदके देत होती. "ज्योत्स्ना, अगं तू रडत का नाहीस?" काय सांगणार? म्हणाली, मी येते तुला घ्यायला. नको म्हणायला हवं होतं – बरं म्हटलं.

९ डिसेंबर
दुपार. ओट्यावर बसलेय. ऊन छान आहे. कोंबड्या टिपतायत.

फाटक वाजलं. आई. मला बघून हात हलवला –

कोंबड्या दबकल्या.

ओरडायला हवं. आई, मागे जा – एवढंच. तोंड उघडलं – आवाज नाही –

मान खाली गेलीय. लिहितेच आहे. आई अंगणाच्या मधोमध – हसतेय – तिचे पाय अजून उन्हात आहेत, आणि –