तिच्या वाट्याची वऱ्हाडी

बाबा,

तुमची कोरियाची पोरगी येऊन गेली. पोरगी कसली, आता चांगली बाई झाली आहे. केस निम्मे पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, तिकडच्या एका विद्यापीठात भारतीय भाषांच्या विभागाची प्रमुख. तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती. लिहून पाठवायचं कुठं, हा प्रश्न होताच, पण खरं म्हणजे तुमच्यावर इतकी कधी चिडलेच नव्हते. आज चिडले आहे म्हणून बसले लिहायला, आणि बघा, पहिलं वाक्यच तिच्याबद्दलचं आलं. इथंही तीच पुढं.

तुम्ही होतात तेव्हा मी आपल्या विद्यापीठात तासिका तत्त्वावर होते. आता कायम झाले आहे, भूगोलच शिकवते, आणि गेल्या वर्षापासून आंतरराष्ट्रीय कक्षाचा जादा कार्यभार माझ्या गळ्यात आहे. कक्ष म्हणजे एक खोली, एक कपाट आणि भिंतीवर जगाचा नकाशा. तो नकाशाही माझ्याच विभागातून उचलून आणलेला. नवे कुलगुरू पुण्याचे आहेत, माणूस भला आहे, पण मूल्यांकनाची समिती यायच्या आत विद्यापीठ आंतरराष्ट्रीय झालं पाहिजे असा त्यांचा ध्यास आहे. म्हणून सगळ्या पाट्या इंग्रजी झाल्या. अतिथिगृहाची फरशी बदलली. करार झाले, हात मिळवतानाचे फोटो झाले. परदेशी मुलं येतात, त्यांच्या वेगळ्या वसतिगृहात राहतात, वेगळं जेवतात, आपसातच बोलतात, आणि पदवी घेऊन जशी आली तशीच परत जातात. या सगळ्याचा आराखडा लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तो इतका सुबक लिहिला की तुम्हाला त्यात ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक सापडली नसती. तेवढ्यात कोरियाहून विचारणा आली, की आपली मुलं तिकडे आणि तिकडची इकडे असं काही करता येईल का, आमच्या विभागप्रमुख बोलायला येतील. खाली तिचं नाव होतं. मी नाव वाचलं आणि एकटीच खोलीत म्हणाले, आली का ही!

गेटपाशी आम्ही सगळे पुष्पगुच्छ घेऊन उभे. मी इंग्रजीतलं स्वागत घोकून आले होते. ती गाडीतून उतरली, कुलगुरूंना नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलं, सरळ येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "काऊन वं, ओळखलं नाई काय मले?"

गाडीचा ड्रायव्हर खो खो हसला. कुलगुरूंनी तर टाळ्याच वाजवल्या. म्हणाले, अहो, या तर अस्सल मातीतलं बोलतात! मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. मला काय झालं ते सांगते बाबा, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या वर्गात आपल्या गावची, हिंगणीची, आणि सेलूकडची मुलं आहेत. ती तोंड उघडून 'मले' म्हणाली की पहिल्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसतात. आणि हिने विमानातून उतरून म्हटलं तर टाळ्या. पण खरी पोटदुखी तीही नव्हती. ती कुठलीशी वऱ्हाडी बोलतच नव्हती. ती तुमची बोलत होती. 'तं' म्हटल्यावर तुम्ही जरा थांबायचात, तशी थांबत होती. 'असं हाये ते' म्हणताना तुमच्यासारखा डावा हात झटकत होती. तुमचा आवाज माझ्या कानांतून पुसट होत चालला आहे, आणि इथं भर गेटपाशी तो दुसऱ्याच कुणाच्या तोंडातून येत होता.

मी तिसरीत आहे. आपलं सिंदी मेघेचं घर, आई ओट्यापाशी, तुम्ही पाटावर बसून वरणभात कालवता आहात. मी शाळेतून धावत येते आणि म्हणते, आई, मले भूक लागली. आई ताट वाढते. तुम्ही ते ताट उचलून स्वतःच्या मांडीशी ठेवता आणि म्हणता, 'मले' नाही, 'मला'. मी म्हणते, मला भूक लागली. मग ताट पुढे येतं. मी म्हणते, वरून सांबार टाक ना. ताट पुन्हा मागे. 'सांबार' नाही, 'कोथिंबीर'. आई म्हणते, अवो, जेवू द्या ना लेकराले. तुम्ही आईला काही म्हणत नाही. आईला तुम्ही कधीच टोकलं नाहीत, काकांनाही नाही, फक्त मला; पण माझ्यासमोर त्यांच्याशीही शुद्धच बोलायचात. गरम भातावर कोथिंबीर आली तेव्हा माझी भूक मेली होती. त्यानंतर माझ्या तोंडून 'मले' निघालं नाही. शाळेत मैत्रिणी मला पुण्याची मावशी म्हणायच्या. तुम्हाला ते ऐकून बरं वाटायचं.

आणि मग मी दहावीत असताना ही आली. संध्याकाळी तुम्ही विद्यापीठातल्या परदेशी मुलांना मराठी शिकवायचात, त्यांतली ही एकटी रविवारी घरी यायला लागली. स्वयंपाकघरात आईशेजारी बसायची, ठेचा डोळ्यांत पाणी न आणता खायची, आणि तुम्ही तिला शिकवायचात. काय शिकवायचात? 'मले'! मी बाहेरच्या खोलीत भूमितीचं पुस्तक उघडून बसलेली, आणि आतून तुमचा आवाज येतो आहे, "मले पाह्यजे म्हण पोरी. हां. आता म्हण, मी हिंगणीले गेलती." ती म्हणते, चुकते, तुम्ही हसता. तुम्ही मोठ्याने हसता हे मला तेव्हा कळलं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले की तुमचं हसू आवरायचं आणि तुम्ही विचारायचात, काय हवंय बाळ? इतकं स्वच्छ, इतकं शुद्ध, की जणू मीच परदेशातून आले आहे. मी पाणी घेऊन बाहेर पडायच्या आत पुन्हा सुरू, हां, तं सांग पोरी. तुम्ही तिला बसने हिंगणीला नेलंत, काकांच्या मळ्यात वांगी तोडायला लावलीत. त्या वर्षी थंडी फार पडली, तर आजीने शिवलेली वाकळ तुम्ही तिच्या वसतिगृहावर नेऊन दिलीत. मला दहावी पास झाल्याबद्दल शब्दकोश दिलात. जाडजूड, कापडी बांधणीचा. तो अजून माझ्याकडे आहे आणि अजूनही तो उघडताना मला त्या वाकळीची आठवण येते.

तर दुपारचं जेवण. कुलगुरूंनी पाहुण्यांसाठी म्हणून पांढऱ्या सॉसमधल्या शेवया, उकडलेल्या भाज्या आणि एका बाजूला इडल्या ठेवायला लावल्या होत्या. तिने सगळं पाहिलं आणि आम्हा लोकांसाठी ठेवलेल्या वरणभाताकडे गेली. ताट वाढून घेतलं आणि वाढणाऱ्या काकांना म्हणाली, थोडा सांबार टाका ना वरून. काकांनी चिमूटभर कोथिंबीर हातात घेतलीच होती, तेवढ्यात कुलगुरू धावले. अहो, मॅडम सांबार मागताहेत, इडलीचं सांबार आणा, गरम करून आणा! काका गोंधळले, हातात कोथिंबीर तशीच. कुणीतरी वाटीभर सांबार आणून तिच्या वरणभातावर ओतलंही. तिने तेच कालवून घेतलं. मी शेजारी उभी होते. दोन्ही अर्थ कळून कुलगुरूंना सांगू शकेल अशी तिथं मीच, आणि माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. माझं ताट पुन्हा तुमच्या मांडीशी गेलं होतं.

बैठकीत ती मुद्द्याचं बोलली. तिचं म्हणणं, आमची मुलं पाठवतो, पण वसतिगृहात नको. पहिले काही महिने त्यांना इथल्या घरांत ठेवा, घरात जी भाषा बोलतात ती शिकू द्या, बाजारात जाऊ द्या, कुणी आजारी पडलं तर सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याच्यासोबत बसू द्या. आणि तुमची मुलंही आमच्या घरांत राहतील. फक्त इंग्रजी फाडफाड बोलणारीच निवडू नका. आमचा एक शिक्षक सहामाहीभर इथं शिकवेल, तुमचा तिकडे येईल, आणि दोघंही एकमेकांची पुस्तकं आपल्या अभ्यासक्रमात घेतील. मग म्हणाली, "तुमच्या इथं विदेशी पोरं येतात, अन् विदेशीच राहून वापस जातात. मी तशी गेली नाई. मले काकाजी भेटले होते." काकाजी म्हणजे तुम्ही. माझ्या सुबक आराखड्यात यातलं काहीही नव्हतं. कुलगुरू चुळबुळले, म्हणाले, घरं म्हणजे जबाबदारी आली, आपल्या समन्वयक मॅडमनी अभिप्राय द्यावा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. नको म्हणायला सुरक्षितता, नियम, पोलीस नोंदणी अशी डझनभर कारणं माझ्याकडे तयार होती. मी म्हणाले, उद्या सांगते. रात्रभर तिला ताटकळत ठेवायचं, एवढाच माझा विचार होता.

ती संध्याकाळी घरी आली, न बोलावता. चपला काढून थेट स्वयंपाकघरात. पाट आता नाहीत, तर खुर्ची ओढून बसली. मी चहा टाकला आणि अगदी न राहवून विचारलंच, की त्यांनी तुला ही भाषा का शिकवली? मला तर एक शब्द बोलू देत नव्हते. तिला आश्चर्य वाटलं. तिला वाटत होतं मला माहीत आहे. मग तिने मला सांगितलं, की तरुणपणी तुम्ही पुण्याला मुलाखतीला गेला होतात, तोंडातून 'मले' निघालं, टेबलापलीकडचे सगळे हसले, आणि ती नोकरी हातची गेली. तिने तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात म्हटलं, "माह्या पोरीवर कोनी हासाले नाई पाह्यजे. तुह्यावर कोन हासते? तुह्यासंग बोललो का मले घरी आल्यासारखं वाटते."

चहा उतू गेला. बाबा, ही गोष्ट तुम्ही तिला सांगितलीत. मी तुमच्या घरात वाढले, तुमच्या आजारपणात तुमच्या उशाशी बसले, आणि ही गोष्ट मला कोरियाहून ऐकायला मिळाली. तुमचं माझ्यावर प्रेम होतं म्हणून तुम्ही मला जपलंत, हे मला कळतं. मी काही लहान नाही. पण जपलंत म्हणजे काय, मला दाराबाहेर ठेवलंत आणि तिला आत घेतलंत. मला बाहेरच्या जगात पाठवायचं म्हणून ती सगळी तयारी, आणि मी वर्धा सोडून कुठं गेलेच नाही. जग फिरून आली ती, आणि बोलते हिंगणीचं. स्वतःच्याच घरात तुम्हाला घरी आल्यासारखं वाटायला हिची वाट पाहावी लागत होती, आणि मी शेजारच्या खोलीत होते. जाताना तिने सांगितलं की ती वाकळ अजून तिच्याकडे आहे. तिने 'वाकय' म्हटलं, आजी म्हणायची तसं. मला वाटलं, मागून घ्यावी. नाही मागितली.

दुसऱ्या दिवशी मी होकार दिला. मन मोठं केलं वगैरे काही नाही. नकार दिला असता तर ती पुन्हा आली नसती आणि तुमचा आवाज पुन्हा ऐकायला मिळाला नसता, एवढंच कारण. कुलगुरूंना सांगितलं की आराखडा मी नव्याने लिहिते, आणि त्यात पहिलं वाक्य टाकलं की या विद्यापीठात कुणाच्याही बोलण्यावर कुणी हसणार नाही, तो कोरियाचा असो की हिंगणीचा. ते म्हणाले, हे जरा भावनिक होतंय, पण राहू द्या. जूनमध्ये पहिली मुलगी येते आहे, आणि ती आपल्याच घरी राहणार आहे, तुमच्या खोलीत. घरात तिच्याशी वऱ्हाडीत बोलायचं, अशी अट आहे. म्हणजे मी बोलायचं.

म्हणून सराव चालला आहे. समजतं सगळं, पण तोंडात आलं की जीभ आपोआप वळते; तुम्ही पक्कं काम केलं होतं. आज सकाळी बाजारात हिंगणीकडच्या भाजीवालीपाशी उभी राहिले. तिच्याकडून मी कितीतरी वर्षं भाजी घेते. मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, एक जुडी सांबार द्या. तिने वर पाहिलं, माझी फिरकी घेते आहे का ते चाचपलं, आणि जपून, मला समजावं म्हणून, म्हणाली, "मॅडम, तुमाले कोथिंबीर पाह्यजे ना?"

मी हो म्हटलं. घरी आले आणि हे लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाही, पण एक वाक्य तेवढं तुमच्यासमोर म्हणायचं राहिलं आहे, ते म्हणते. बाबा, मले तिची लय जलन झाली. अजूनही होऊन राह्यली.

टोका ना आता.