पायी चालण्यास लातूर अयोग्य असल्याबद्दल

नांदेड, मंगळवार

प्रिय संगमेश्वर यास, तुझ्या बालमित्राचे, विरूपाक्षचे शरणु शरणार्थी. सिद्धेश्वराच्या कृपेने तुझा गुडघा, वहिनींचा दमा आणि तुझी स्कूटर हे तिन्ही बऱ्यापैकी असतील असं धरून चालतो. इकडे मी आणि महानंदा खुशाल आहोत. फोन न करता पत्र का लिहितोय याचं नवल करू नकोस. माझा फोन सध्या फक्त पावलं मोजतो आणि जेवताना शिवम तो तपासतो. त्यावरून काही खासगी बोलायची सोय उरलेली नाही. शिवाय टपालपेटी घरापासून नऊशे पावलांवर आहे, म्हणजे हे पत्र टाकून परत आलो की अठराशे जमा.

विषय तुला थोडाफार ठाऊक आहे, तरी नीट सांगतो. माझी शुगर दोनशे शहाऐंशी निघाली. डॉक्टरांनी रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं. त्यावर चिरंजीव शिवमनं (इथं रेल्वेत इंजिनिअर, भाजी आणायची तरी आधी तक्ता करतो) असं ठरवलं, की एक आठवडा लातुरात चालायचं आणि एक आठवडा त्याच्याकडे नांदेडला. ज्या शहरात पावलं जास्त पडतील, तिथं आम्ही दोघांनी कायमचं राहायचं. दुकान आता धाकटा भाऊ बघतो, त्यामुळे तीही सबब नव्हती. मी बेधडक हो म्हणालो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातला एक तरी मला चालू देईल असं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी नवे बूट घालून निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी पंढरी दूधवाल्यानं गाडी थांबवली. ‘बसा की अप्पा,’ म्हणाला. मी चालायला निघालोय म्हटल्यावर म्हणाला, ‘चालत कशाला? मी हाय न्हवं.’ दुधाचे कॅन सरकवून जागा करून देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बसलो. कुठं सोडू असं त्यानं विचारलं आणि माझी पंचाईत झाली, कारण मला कुठंच जायचं नव्हतं. मार्केट यार्ड म्हणालो. तिथून चालत परतावं, तर ज्ञानोबाची रिक्षा आडवी आली. त्यानं पैसे घेतले नाहीतच, वर रिक्षा अगदी आमच्या पायरीला लावली. त्या दिवशीची पावलं चारशे बारा, त्यातली बरीचशी घरातल्या घरात. दुसऱ्या दिवशी मागच्या बोळातून गेलो, तिथं वकिलांचा आदर्श मोटारसायकलवर भेटला. घाईत तोंडाला आलं ते सांगितलं, दवाखाना. त्यानं मला दवाखान्यात सोडलं आणि बाहेर थांबला (परत नेल्याशिवाय तो जातोय कसला). मी आत तासभर बाकावर बसून आलो. संध्याकाळी शेजारच्या गुरम्माबाई ज्वारीची आंबील घेऊन हजर, आणि दुकानात तिघं जण विचारून गेले, की अप्पांनी गाडी विकली का, धंद्याचं सगळं बरं आहे ना. आपल्याकडे माणूस पायी दिसला की त्याच्यावर काहीतरी संकट आलं असं लोक धरतात. आणि उरलेले पाचही दिवस तू, संगमेश्वर. सगळं माहीत असून स्कूटर घेऊन मागून यायचास आणि म्हणायचास, ‘बस, नुस्तं कोपऱ्यापर्यंत.’ तो कोपरा रोज औसा रोडला निघायचा. गप्पा चांगल्या झाल्या, ते वेगळं. आठवड्याची सरासरी सहाशे ऐंशी.

उलट नांदेड हे चालण्यासाठी उत्तम शहर आहे, हे मी निःपक्षपातीपणे लिहितो. फुटपाथ आहेत, पण त्यांच्यावर कूलर, चपला, रसवंती आणि एके ठिकाणी न्हाव्याची खुर्ची गिऱ्हाइकासकट आहे, त्याच्या गालावरच्या साबणाला धक्का न लावता पुढं सरकावं लागतं. वजिराबादेत रस्ता ओलांडायला मला एकदा वीस मिनिटं लागली (शेवटी एका म्हशीच्या आडोशानं गेलो). पण मागं-पुढं केलेली पावलंही फोन धरतोच. शिवाजीनगरातून निघून गोदावरीच्या घाटावर जावं, गुरुद्वारात डोकं टेकवावं, चहा घ्यावा आणि परत यावं, की सात हजार आठशे होतात. मुख्य म्हणजे वाटेत कुणी अडवत नाही. रिक्षावाले थांबतात, पण तो त्यांचा धंदा आहे. सात दिवसांत ‘कुठं निघालात’ असं मला एकाही माणसानं विचारलं नाही. सहाव्या दिवशी एक मोटारसायकल माझ्या बाजूला येऊन हळू झाली. खोटं कशाला लिहू, मला इतका आनंद झाला की मी एक पाय उचललासुद्धा. त्यानं विष्णुपुरीचा रस्ता विचारला. मलाच तो माहीत नव्हता, म्हणून मी हात दाखवून भलताच सांगितला. तो गेल्यावर मी बराच वेळ तिथंच उभा होतो. त्या दिवशी पावलं जरा कमी भरली.

शुगर मात्र एकशे साठवर आली. शिवम खूश झाला आणि लातूरचं घर भाड्यानं द्यायचं बोलू लागला, एक भाडेकरूही पाहिला. आकडे त्याच्याच बाजूनं होते. काल जेवताना महानंदाच त्याला म्हणाली, ‘शुगर उतरली हाय रे, पण माणूस बोलंना झालाय.’ शिवमनं भाकरी बाजूला ठेवून तक्ता काढला. मग त्यानं लातूरला आणखी एक आठवडा मंजूर केला. रोज सहा हजार झाली तर आम्ही लातूरला राहायचं, नाहीतर घरात भाडेकरू येईल.

थोरांना शरणार्थी, लहानांना आशीर्वाद आणि दुचाकीवाल्या सर्वांना दुरून नमस्कार.

तुझा,
विरूपाक्ष

ता. क. – काम एवढंच, की पंढरी, ज्ञानोबा, आदर्श आणि आपल्या पेठेत ज्याच्या म्हणून घरी गाडी आहे, त्या सगळ्यांना गाठून सांग. सोमवारपासून सात दिवस अप्पा रस्त्यात दिसले तर हाक मारावी, तब्येत विचारावी, पण गाडी थांबवू नये. आंबील बंद करायची गरज नाही. आणि हे सगळ्यात आधी स्वतःला सांग. तुला माझ्याशिवाय करमलंच नाही, तर सोबत चालत ये. गुडघ्याला आधार म्हणून स्कूटर ढकलत आणलीस तरी चालेल, पण तिच्यावर बसायचं नाही.

ता. क. २ – आम्ही रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला एसटीनं पोचतोय. महानंदा सामान घेऊन रिक्षानं जाईल. मोजणी सोमवार सकाळपासून आहे, याची मी शिवमकडून दोनदा खात्री करून घेतलीय. तू स्कूटर घेऊन स्टँडवर ये. घर तिथून दहा मिनिटांवर आहे, पण आपण औसा रोडनं जाऊ.