मँचेस्टरचा पोळो

मँचेस्टर, १४ ऑक्टोबर २००६

प्रिय अलका,

फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. इथला फोन घराच्या मधोमध आहे आणि आसावरीचे कान तुझ्या दादांवर गेलेत. माझी तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, नात बागडते. थंडीसाठी जावईबापूंचा जुना स्वेटर साडीवरून घालते आणि आरशात बघत नाही. झाली खुशाली. आता पुढचं खुर्चीत बसून वाच.

तुझ्या दादांच्या तेराव्याला त्या खोचक मावशी काय म्हणाल्या होत्या ते तू विसरली नसशील. हिला काय, दोन महिन्यांत बांगडे भाजायला लागेल. मला असा संताप आला की मी सगळ्या पंगतीसमोर जाहीर केलं, आजपासून माझं मासळी-मटण बंद. आणि तू, हातात भाताचं पातेलं घेऊन उभी, मागचापुढचा विचार न करता म्हणालीस, मग माझंही बंद. याला सहा वर्षं झाली. मावशी वर गेल्या, आपण दोघी अजून दुधी खातोय. एकीने दुसरीला विचारायचं नाही आणि आधी कोणी मोडायचं नाही, असं चाललंय.

तर गेल्या रविवारी परीक्षित जावईबापूंनी आम्हाला मेक्सिकन जेवायला नेलं. साधी खानावळ, लाकडी बाकं, वर जत्रेतल्यासारख्या रंगीत कागदी पताका. मेक्सिकोतल्या वहाका नावाच्या मुलखातलं जेवण मिळतं म्हणे. पाटीवर मात्र स्पेलिंग ओअक्साका. लिहायचं एक नि वाचायचं एक, ही खोड फक्त इंग्रजांचीच आहे असं मी समजत होते. माझ्यासाठी घेवड्याचं काहीतरी मागवायचं ठरवून जावईबापू पार्किंगचं तिकीट गाडीला लावायला गेले, आसावरी स्वरालीचे हात धुवायला गेली आणि मेन्यूकार्डापुढे मी एकटी उरले. वाचायचा चष्मा घरी राहिला होता.

बारीक अक्षरं दिसेनात, पण ठळक अक्षरांत एक शब्द होता. पी, ओ, दोन एल, ओ. पोळो. खोटं नाही सांगत, मला भरून आलं. आपले वेंगुर्ल्याचे तांदळाचे पोळे, आणि इथे? म्हटलं, पोर्तुगीज गोव्याला आले, तसे त्यांच्याच कुठल्या गलबतातून आपले पोळेही तिकडे पोचले असतील. तेवढ्यात ऑर्डर घ्यायला मुलगी आली, मूळची मेक्सिकोचीच. मी म्हटलं, वन पोळो. ती म्हणाली, पोयो? मी म्हटलं, नो नो, पोळो. तिचं आपलं पुन्हा पोयो. बिचारीला ळ म्हणता येत नसेल म्हणून मी तिला दोनदा सावकाश म्हणून दाखवला. तिसऱ्या खेपेला तीही पोळो म्हणाली, आणि मी तिला व्हेरी गुड दिलं.

ही सगळी परत येईपर्यंत ताट आलं. फडक्यात गुंडाळलेल्या गरम मऊ चकत्या होत्या. त्यांना जाळी नव्हती, पण परमुलखात जाळीचा हट्ट कशाला धरायचा. सोबत काळपट रस्सा, वर तीळ पेरलेले, थेट आपल्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासारखा. त्यात काहीतरी रेषारेषांचं होतं. मला वाटलं, कोवळ्या फणसाची कुयरी.

पहिल्या घासाला कळलं. वेंगुर्ल्याच्या बाईला कोंबडीची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. पोयो म्हणजे त्यांच्या भाषेत कोंबडीच, हे मागाहून समजलं. घास तोंडातून काढायला हवा होता, निदान थांबायला तरी हवं होतं. हात काही थांबेना. तेवढ्यात स्वरालीने कार्ड वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, बाबा, आजी चिकन खातो. तिच्या मराठीत बायका-पुरुष सगळे एकच. परीक्षितने तिच्या तोंडात चिप कोंबली. आसावरीचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी, ऐकूच न आल्यासारखी, म्हटलं, फणस छान शिजलाय हो.

तेव्हापासून या घरात मला महाराणीचा मान आहे. सकाळचा चहा अंथरुणात मिळतो. जावईबापू दर दोन तासांनी पोटाचं विचारतात. आपल्या हातून आईचं व्रत मोडलं म्हणून दोघं चोरासारखी वावरतात, आणि मला सगळं कळलंय हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन, पण चहा अजून चार दिवस येऊ दे.

चेष्टा पुरे. मला पाप लागल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. तुझे दादा आठवले. रविवारी आपल्या पानातली तंगडी माझ्या पानात टाकून, मला नको गं, दातात अडकते, असं खोटंच म्हणायचे ते. सहा वर्षांत मला ते हार घातलेल्या फोटोतच दिसायचे. जेवताना पहिल्यांदाच आठवले, आणि मी रडले नाही. मला फार बरं वाटलं.

हे सगळं लिहिलं ते मात्र मेमध्ये पाहिलेल्या एका गोष्टीसाठी. मी निघायच्या आदल्या दिवशी कोळीण दारात आली होती. तू नको म्हणालीस, आणि मग ती वळणाआड जाईपर्यंत दाराची कडी धरून उभी राहिलीस. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्या दिवशीच म्हणायला हवं होतं, जीभ रेटली नाही. अगं, राग माझा होता, तू नुसती माझ्यासोबत आलीस. मग आधी मोडायचं कामही माझंच होतं, आणि ते मी चाटूनपुसून केलं आहे. आता तुझी पाळी. मी नोव्हेंबरअखेर येईपर्यंत थांबू नकोस. पत्र मिळेल तो सोमवार असला तर तेवढा दिवस पाळ, नाहीतर तशीच पिशवी घेऊन बाजारात जा. बांगडे आण, तिरफळं सढळ हाताने घाल, आणि दार उघडं ठेवून भाज, सगळ्या आळीला वास जाऊ दे. कोणी काही म्हणालंच तर सांग, वहिनीने परवानगी दिली आहे, तिने मँचेस्टरला पोळो खाल्ला.

तुझीच,
श्यामलावहिनी