फोटोखालची पाटी

बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही मला इथे आखातात, अल क्वोजमध्ये सापडलात. जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींवरचं एक प्रदर्शन इथल्या कलादालनात आलंय आणि त्याचे फलक छापून लावायचं काम आमच्या कंपनीकडे आहे. जर्मन मजकूर तपासायला मी, कारण ती भाषा तुम्ही माझ्या डोक्यात अक्षरशः मारून मारून घातलीत. एका फलकावर हॅम्बुर्गचा तो फोटो होता. विद्यापीठासमोर वसाहतीतल्या अधिकाऱ्याचा पुतळा, त्याच्या गळ्यात दोर, आणि दोर ओढणाऱ्या विद्यार्थ्यांत मफलर गुंडाळलेले, हसणारे तुम्ही. म्हणजे तुम्ही सांगायचात ती थाप नव्हती. मला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला याचा संतापही आला.

पुण्याच्या घरी पाहुणे जमले की पुतळा पाडण्याचा प्रयोग व्हायचा. तुम्ही स्टुलावर उभे, कमरेवर हात, तो अधिकारी. मी खाली गुडघ्यांवर, पुतळ्यात त्याच्या पायाशी असलेला काळा शिपाई. मान वर करून तुमच्याकडे भक्तीने बघायचं, एवढंच माझं काम. आई गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणायची, पाहुणे ती ओढायचे आणि तुम्ही दिवाणावर कोसळायचात. मग भाषण. दुसऱ्या महायुद्धात पडलेला तो पुतळा जर्मनांनी पुन्हा उभा केला, हे तुम्ही रंगवून सांगायचात. छळछावण्यांच्या पापाबद्दल ते हळूहळू बोलायला शिकले, पण आफ्रिकेचं नाव काढलं की म्हणायचे, आम्ही तिथे रेल्वे बांधली, दवाखाने काढले. "गावं जाळली, बायकामुलांना वाळवंटात हाकललं, पाणवठे अडवून तहानेनं मारलं. रेल्वे बांधली म्हणून चाबूक माफ होतो का?" असं तुम्ही विचारलंत की पाहुणे माना डोलवायचे. बोलायचात मात्र सुंदर.

एकदा मला हसू आलं. तुमच्या मोज्याला भोक होतं आणि त्यातून अधिकाऱ्याचा अंगठा बाहेर आला होता. मी फिस्सकन हसले, पाहुणेही हसले. ते गेल्यावर तुम्ही दार लावता आणि तीच दोरी दुहेरी करता. पहिला फटका मानेवर बसतो. मी स्वयंपाकघरात पळते, ओट्याखाली सिलिंडरमागे शिरते, तुम्ही पाय धरून मला फरफटत बाहेर काढता. आई मध्ये पडते. तुम्ही तिचा हात धरून ओट्याच्या कडेवर आपटता, आणि ती ओरडल्यावर पुन्हा आपटता. शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी प्लास्टरमधल्या हाताने आई ती दोरी गॅलरीत बांधत होती आणि शेजारच्या काकूंना सांगत होती, बाथरूममध्ये पाय घसरला.

आई आता आमच्याकडे असते, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये. हॉलमध्ये तुमचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. माझ्या मुलाला तुम्ही म्हणजे पुतळा पाडणारे आजोबा, एवढंच ठाऊक, कारण मी तोंड उघडलं की आई म्हणायची, "घर बांधलं, तुला शिकवलं. खलास. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोलायचं?" बोलणं संपवायला असं खलास म्हणायचं तिने इथल्या अरबांकडून उचललं. बाकीचं तुमच्या जर्मनांचंच, बाबा, रेल्वे आणि दवाखाने.

शनिवारी मी दोघांना प्रदर्शन दाखवायला नेलं. मुलगा फोटोसमोर उडालाच. "इज दॅट आजोबा? ही इज सो कूल. कॅन वी प्रिंट इट ह्यूज? फॉर द हॉल?" आईची नजर त्या दोरावर होती आणि डाव्या हाताने तिने उजवं मनगट धरलं होतं. शेजारच्या फलकावर आजचे जर्मन या पुतळ्यांचं काय करावं म्हणून भांडत होते. कुणी म्हणे वितळवा, कुणी म्हणे राहू द्या, कुणी म्हणे ठेवा, पण खाली पाटी लावा, याने काय केलं ते लिहा. आईने मला ते मराठीतून सांगायला लावलं.

"मग काय ठरलं त्यांचं?"

"अजून भांडतायत."

"भांडू देत. आपण लावू फोटो." मग ती नातवाकडे वळली. "पण खाली लिही. यांनी पुतळा पाडला, ते लिही. घरी बायकोचं मनगट मोडलं, मुलीला दोरीने मारलं, तेही लिही."

"आजी, व्हॉट?"

तिने हात पुढे केला. "हात लावून बघ." त्याने तिच्या मनगटाचं वाकडं हाड चाचपलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.

तो हॅम्बुर्गचा फोटो कालच हॉलमध्ये लागला, हार घातलेला जुना काढून. तुम्हाला असं भर हॉलमध्ये खाली ओढायचं मी वर्षानुवर्षं मनात धरलं होतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं ते सांगते. पाटी छापताना मी अक्षर बारीक ठेवलं, सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना वाचता येऊ नये इतकं. आईने चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाली, "मोठं कर." अजून केलेलं नाही.